डबीतला खोकला

आमच्या अंजनगाव सुर्जीत शुगर झालेला माणूस चारचौघांत कौतुकानं सांगतो. टीबी झाला की मात्र शेजाऱ्यालाही कळू देत नाहीत. याचा मला भयंकर राग येतो, आणि त्या दिवशी तो आमच्याच घरात भडकला.

वॉर्डात टीबी तपासणीचं शिबिर झालं. माझा खोकला तीन आठवडे हटत नव्हता, म्हणून मला बेडका तपासायला डबी मिळाली. सकाळी मी तिच्यात बेडका टाकला. 'तुले उशीर होऊन राहिला,' म्हणत आईनं डबी नेऊन दिली.

दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. टीबी निघाला होता. औषधं फुकट मिळतात, नीट घेतली तर माणूस बरा होतो, असं फोनवरच्या ताई समजावत होत्या.

अकोल्याच्या गजेंद्रशी माझं लग्न ठरलेलं. मी आधी त्यालाच फोन लावायला घेतला. आईनं मोबाइल हिसकावला.

"काहून सांगून राहिली? सोयरीक मोडन!"

"मोडू दे. त्याले अंधारात ठेवून मी लग्न करनार नाई."

"तुले काही झालं नाई, पोरी!"

"मंग रिपोर्ट कोनाचा आहे?"

आईनं मोबाइल खाली ठेवला. "माहा. तुहा बेडका मी फेकून देल्ला. डबी धुतली अन् माहा टाकला."

आई मिरची-कांडपावर काम करते. तिथं सगळ्याच बाया खोकतात, त्याला ठसका म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात. आपलाही खोकला तिखटाचाच, असं ती धरून चालली होती. मला तिचा इतका राग आला की ओरडावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. किती महिने खोकत होती ही? आणि माझा खोकला तर अजून तपासलाच नव्हता.

मी मोबाइल परत घेतला. आईचा टीबी, बदललेली डबी, माझी राहिलेली तपासणी, सगळं गजेंद्रला सांगून टाकलं. आई डोळे मिटून बसली होती.

"प्रणाली," तो म्हणाला, "माही माय हार्ट अटॅकनं गेली, असं आमी तुमाले सांगतलं होतं ना?"

"हो."

"टीबी होता तिले. सोयरे काय म्हनतीन, म्हनून बाबानं दवाखान्यात नेलंच नाई." तो पुढे म्हणाला, "मी निघतो अकोल्याहून. पन माही वाट पाहू नोको. आईले आत्ता दवाखान्यात घेऊन जाय."