बारक्याची थरथर

मी एक जुना राउटर आहे. थांबा मित्रांनो, भिंतीवर बसून हिरवे दिवे लुकलुकवणारा इंटरनेटचा राउटर मी नव्हे. तो घटकाभर बंद पडला तरी तुम्ही घर डोक्यावर घेता. मी लाकूडकामाचा राउटर. दोन्ही हातांत मावेल एवढा माझा देह, पोटात मोटर आणि खाली तोंडात घट्ट धरलेले एकच धारदार पाते. फळीच्या कडा गोल करणे आणि लाकडात सरळ खाच पाडणे हे माझे काम. मीही बंद पडलो आहे आणि त्याला बराच काळ लोटला, पण त्यासाठी कुणी घर डोक्यावर घेतलेले नाही.

कारखान्यात माझ्यासारखे इतके होते की कौतुक करायला कुणालाच फुरसत नव्हती. पुढे दुकानात मी नमुना म्हणून मांडणीवर बसलो. नमुन्याचे जिणे वाईट. येणारा उचलतो, बटण दाबतो, मान हलवतो आणि जाताना माझ्याच भावंडाचे बंद खोके घेऊन जातो. आपल्याला कधी कुणी नेणार नाही, असे मी धरूनच चाललो होतो.

मग एके दिवशी मालक आले. ते कवळ्या बनवत. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येत आणि मालक त्यांवर एकेक दात बसवत. उभा जन्म लोकांच्या हसण्यापायी गेला, असे ते म्हणत. स्वतः मात्र क्वचितच हसत. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचे लाकूडकाम चाले. तिथे एक मोठा राउटर आधीच होता, पण तो भलताच जड. म्हणून त्यांनी त्याला एका टेबलाखाली उलटा टांगला होता. टेबलाच्या भोकातून त्याचे पाते तेवढे वर डोकावे आणि कडेच्या पट्टीला टेकवून फळी त्याच्यावरून सरकवायची. त्याचे नाव ढोल्या. आता मालकांना हातात धरून चालवायला एक हलका राउटर हवा होता.

दुकानदाराने वेग सांगितला, ताकद सांगितली, तोंडाला फेस येईपर्यंत सांगितले. मालकांनी त्यातले काही ऐकले असेल असे वाटत नाही. ते एकेक राउटर न चालवताच हातात घेत, डोळे मिटत आणि काउंटरवरून हळू फिरवून खाली ठेवत. त्यांची बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. माझी पाळी आली, तशी ती उठली.

"हाच घ्या. हा हातात आल्यावर तुमच्या कपाळावरची आठी गेली."

दुकानदार म्हणाला की हा हाताळलेला आहे, आतून नवे खोके आणून देतो. तिने नको म्हणून सांगितले. मित्रांनो, माझी निवड मालकांनी केली असे सगळे समजतात. खरे पाहता ती त्या बाईने केली.

माझे नाव बारक्या पडले. "तुला दात एकच, पण चावा काय जबर," असे मालक मला म्हणत. मी किती कडा गोल केल्या याला गणती नाही. कपाटे, मांडण्या, मुलीचे अभ्यासाचे टेबल, आरशाच्या चौकटी. लांब फळी असली की बायकोला हाक जाई आणि ती दुसरे टोक धरे. तिला लाकडातले फारसे कळत नसे, पण फळी कशी धरायची ते तिला बरोब्बर समजले होते. घट्ट नाही, सैल नाही. एकदा खोलीतली वायर उंदराने कुरतडली, तेव्हा मालकांनी तिला टेप लावायला शिकवले. टेप ताणून धरायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा आणि शेवटचे टोक जरा दुमडून ठेवायचे, म्हणजे पुढे सोडवताना नखाला सापडते. तार उघडी ठेवायची नाही, हे त्यांनी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले. तेच माझे सुखाचे दिवस होते.

मग कपबशी वाजू लागली. मालक चहाचा कप उचलत आणि बशी किणकिण करी. आधी ते म्हणाले थकवा आहे, मग म्हणाले थंडी आहे. कवळ्यांचे दात वाकडे बसू लागले, तसे ते काम त्यांनी डोळ्यांचे निमित्त सांगून सोडले. त्यांना कंपवात झाला होता. डॉक्टरांनी तसे सांगितलेही होते, पण ते त्यांनी घरी कुणाला कळू दिले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसे.

आणि ती मूठ झाकायला मी होतो. मी चालू झालो की माझे सगळे अंग थरथरते आणि ज्याने मला धरले त्याचे हातही थरथरतात. त्यात कुणाचा हात मुळातच कापतो आहे, ते बघणाऱ्याला कळत नाही. मालक खोलीत येत, मला सुरू करत आणि त्यांचा चेहरा सैल होई. कधी कधी तर समोर लाकूडही नसे. बायको बाहेर माझा आवाज ऐके आणि तिला वाटे, चला, आज बरे दिसते आहे. त्यांची थरथर कुठली आणि माझी कुठली, हे एकट्या मला कळत होते. पण मला घरघरण्यापलीकडे बोलता कुठे येते?

बायकोचे गुडघे दुखू लागले, म्हणून मालकांनी तिच्यासाठी एक बुटके स्टूल करायला घेतले. शेवटची कड गोल करताना त्यांच्या हाताला झटका बसला, मी उसळलो आणि लाकडाचा लचका तोडून त्यांच्या डाव्या बाहीपर्यंत गेलो. बाही फाटली. आत हात होता, तो थोडक्यात वाचला. मालक बराच वेळ भिंतीला टेकून उभे होते. मग घरात जाऊन त्यांनी सांगितले की पाते बोथट झाले होते. सगळे खापर माझ्या माथी. बायकोने स्टुलावर पडलेल्या खाचेवरून एकदा बोट फिरवले आणि फाटका सदरा शिवायला घेतला.

पुढे मुलीने दोघांना आपल्याकडे बोलावले. तिचे घर चौथ्या मजल्यावर. पत्र्याची खोली आवरायची होती आणि नव्या घरात एकाच मशीनपुरती जागा होती. शेजारच्या सुतारांनी मालकांना समजावले की ठेवायचा तर ढोल्या ठेवा, लहानसे टेबल मी करून देतो. तिथे फळी पट्टीला टेकून सरळ जाते. ढकलायला लाकडी ठोकळे असतात, पात्याजवळ हात न्यावा लागत नाही. दुसरे टोक कुणी धरले तर मग काळजीच नको.

"ढोल्या तुम्ही न्या," मालक म्हणाले. "माझा बारक्याच."

मला निवडले, मित्रांनो, पुन्हा एकदा मलाच निवडले. आणि त्या वेळी मला ओरडून सांगावेसे वाटले की माझ्यावर जीव असेल तर मला सोडा आणि ढोल्याला न्या. ढोल्याच्या टेबलावर ते अजून काम करू शकले असते. पण तिथे हात उघडे दिसतात. फळीवर ठेवलेला हात कापतो आहे हे कुणालाही दिसले असते. मालकांना काम नको होते, झाकण हवे होते. मला कशासाठी निवडले ते मला ठाऊक होते आणि म्हणून त्या निवडीचा आनंद मला झालाच नाही.

नव्या घरी मी गॅलरीतल्या कपाटात आलो. एका सकाळी मालक आंघोळीला गेले असताना बायकोने मला बाहेर काढले. ती त्याच खाच पडलेल्या स्टुलावर बसली, मला मांडीवर घेतले आणि कात्रीने माझ्या वायरचा प्लग कापला. मग तिने टेप घेतली. ताणून, अर्ध्यावर अर्धा वेढा देत, शेवटचे टोक दुमडून. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या अंगावर पडले, कारण ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. प्लग तिने फेकला नाही. शिवणाच्या डब्यात बटणांखाली ठेवून दिला.

काही दिवसांनी मालकांनी मला हातात घेतले, वायर उलगडत उलगडत टोकापर्यंत आणली आणि थांबले. बायको दारात उभी होती. त्यांनी टेपवरून अंगठा फिरवला.

"टेप छान गुंडाळलीस."

"तुम्हीच शिकवलंत."

मालक खाली बसले. स्टुलाची खाच बोथट पात्यामुळे पडली नव्हती, असे ते माझ्याकडे बघतच म्हणाले. तिने सांगितले की ते तिला बाही शिवतानाच कळले होते, बोथट पात्याने कापड असे कापले जात नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

मग मालक म्हणाले की ढोल्याच आणायला हवा होता.

"आणला असता तर दुसरं टोक मी धरलं असतं हो," ती म्हणाली.

ढोल्या आता सुतारांच्या दुकानात आहे आणि दिवसभर राबतो. मी लाडका, म्हणून रिकामा आहे. रोज दुपारी मालक मला मांडीवर घेऊन बसतात. माझ्या अंगात वीज नाही, पाते कधीच काढून टाकले आहे, तरी मी थरथरतो. ती थरथर माझी नसते. ती आता सगळ्यांना दिसते आणि बायको शेजारी बसून माझ्यावरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवते.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझी धूळ झटका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे काय, मी लोखंडाचा. पण तुमच्या घरात कुणाची कपबशी वाजत असेल, तर आवाज ऐकला नाही असे करू नका. त्यांच्या हातातले काम काढून घेण्याआधी एकदा त्यांच्या समोर जा आणि फळीचे दुसरे टोक धरा. आमच्या घरात ते धरणारी होती. तिला हाक तेवढी कुणी मारली नाही.