वळायची शेवटची जागा

बंदरातल्या पायलटचं काम सरळ होतं: बाहेरून आलेल्या जहाजावर चढायचं आणि अरुंद खाडीतून ते सुखरूप धक्क्याला लावायचं. सव्वीस वर्षांत त्यानं कुणाच्या झेंड्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. पण त्या सकाळचं जहाज समुद्रापलीकडच्या बड्या देशाचं होतं, संशोधनाच्या नावाखाली आलेलं. आणि डोंगरापलीकडच्या बड्या शेजारी देशानं आदल्याच दिवशी बजावलं होतं की ते आत आलं तर तेलाचे टँकर बंद. तरी बंदराच्या साहेबांनी पायलटला पाठवलं.

कप्तानानं त्याला बसा म्हटलं नाही. निम्मी खाडी पार झाली आणि वायरलेसवर साहेबांचा आवाज आला: टँकर सीमेवर अडवलेत, जहाज माघारी फिरवा.

पायलटनं ते कप्तानाला सांगितलं.

"तुमचा धक्का आम्ही बांधून दिलाय," कप्तान त्याच्याकडे न बघता म्हणाला. "पुढं चला."

"समोरच्या तरंगत्या बोयापाशी वळायची शेवटची जागा आहे. ती सोडलीत तर मी पुढची वाट सांगणार नाही. पाण्याखालचा वाळूचा दांडा सरकलाय, तुमच्या नकाशात तो नाही."

बोया हाकेच्या अंतरावर आला तेव्हा कुठं कप्तानानं दातओठ खात जहाज वळवायला मान डोलावली. खाडीबाहेर पडल्यावर पायलट शिडीवरून उतरत असतानाही कप्तानानं वेग कमी केला नाही. पायलटचं कोपर सोलवटून निघालं.

जहाज परत फिरवलं म्हणून समुद्रापलीकडच्यांना माफी हवी होती. शेजारी म्हणे, जहाज खाडीत शिरलंच कसं? टँकर अडलेलेच. घरातला गॅस संपला. तिसऱ्या दिवशी साहेब कागद घेऊन घरी आले. पायलटला आदेश नीट ऐकू आले नाहीत, असं त्यात होतं. एका वाक्यात दोघांची समजूत निघत होती: शेजाऱ्याला वाटावं, जहाज चुकून आत आणलं; समुद्रापलीकडच्यांना वाटावं, चुकून माघारी फिरवलं.

"सही करा. तुमच्या कानांवर निभावतंय."

"माझे कान शाबूत आहेत."

"घरातलं ऐकू येत नाही, तेवढं लिहा," बायको आतून म्हणाली. पण सही कर, असं तीही म्हणाली नाही.

आठवड्यात त्याची तपासणी झाली, तो कानानं अधू ठरला आणि घरी बसला. टँकर सुटले. महिन्याभरानं तेच जहाज गाजावाजा न करता धक्क्याला लागलं. आदल्या संध्याकाळी नव्या पायलटनं फोन करून वाळूचा दांडा कुठं आहे ते विचारलं होतं. यानं चडफडत का होईना, सगळं सांगितलं. जहाज रुतलं असतं तर खाडी आपलीच तुंबली असती.