सांभाळ म्हणायची वेळ

"आई, आज तू येऊ नकोस," दुधाचा पेला खाली ठेवत टिटवी म्हणाली.

टिटवी म्हणजे माझी मुलगी. वय अकरा, पाय काड्यांसारखे लांब, म्हणून हे नाव. दर रविवारी ती आणि तिची आत्या एकचाकी सायकल घेऊन फर्निचरच्या गोदामात जातात. आत्या तिथेच कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी माल उतरवायची गुळगुळीत फरशी रिकामी असते आणि किल्ली तिच्याकडे असते. एका चाकावर बसून पेडल मारणं टिटवीला केव्हाच जमलंय. आता तिला तरंगायचंय. तरंगणं हा त्या दोघींचा शब्द. पाय पेडलवर ठेवायचेच नाहीत, चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खांद्यावर, म्हणजे चाकाच्या बरोबर वर टेकवायचे आणि हात पसरून नुसतं वाहत जायचं. तेही आधी निवांत बसून नाही. सीट धरून पळत सुटायचं आणि पळता पळता उडी मारून थेट तरंगायचं.

"का येऊ नको?"

"तू 'सांभाळ' म्हणतेस आणि मी पडते."

"मी म्हणते म्हणून पडतेस?"

"हो! आत्यालापण तसंच वाटतं."

पेपराआडून तिच्या बाबाचा दबलेला हसण्याचा आवाज आला. मी तिकडे बघितलं तसा पेपर आणखी वर गेला.

खरंच माझ्यामुळे पडत असेल, तर माझी जागा घरात, हे मला कळत होतं. पण घरी बसून मी काय करणार? भाजी चिरताना दर मिनिटाला ती पडल्याचा आवाज मनात ऐकणार. बघत असले की निदान खरं पडलेलंच मोजावं लागतं. शेवटी तहाची बोलणी झाली. मी यायचं, पण तोंड बंद.

गोदामाच्या दारातच नणंदेने डबा पुढे केला. "वहिनी, ही लिंबाची गोळी. विरघळेपर्यंत बोलायला बंदी."

"आणि मी चावून संपवली तर?"

"दुसरी देईन. डबा भरून आणलाय. तुला ओळखत नाही का मी!"

मी टिटवीचे गुडघ्यांचे पॅड ओढून बघितले, हेल्मेटचा पट्टा तपासला, परत तपासला, आणि गोळी तोंडात टाकून गुंडाळलेल्या गाद्यांच्या थप्पीशेजारी उभी राहिले.

टिटवी सीट धरून पळाली. पळत पळत फरशीच्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. उडीच मारली नाही.

पुन्हा पळाली. पुन्हा तेच. सायकलला फिरायला नेल्यासारखी ती तिला नुसती घेऊन जात होती आणि परत आणत होती.

"अगं, उडी कुठंय?" आत्या ओरडली.

"मारतेय ना!"

"कुठे मारतेयस? मला तर दिसली नाही बाई!"

आत्याने टायर दाबून बघितला, सीट बोटभर खाली केली. काही उपयोग नाही. टिटवीचा चेहरा लाल व्हायला लागला. तिने सायकल आडवी टाकली आणि स्वतः फतकल मारून बसली.

"कधी मारायची तेच कळत नाहीये!" ती रडवेली होऊन म्हणाली. "आधी कळायचं."

आधी कळायचं. गोळी माझ्या गालात तशीच राहिली. इतक्या रविवारी मी तिच्या पायांकडेच बघत आलेय, डोळ्यांकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. आज मात्र धावताना ती मधेच माझ्याकडे नजर टाकत होती. नाटकात पडद्यामागून कुणी वाक्य सांगेल म्हणून बघावं, तशी.

म्हणजे पोरगी माझ्या 'सांभाळ'वर उडी मारत होती! 'सां' लांबवला की तयार, 'भाळ' आला की वर.

मग पडत का होती? तेही मला तिथेच उभ्या उभ्या कळलं आणि हसू आवरेना. पहिल्यांदा ती पडली, तेव्हा मी घाबरले. पुढच्या वेळी घाबरून जरा आधीच ओरडले. तिने उडी आधीच मारली. चाकाला वेग आला नव्हता, ते डगमगलं, ती पडली. मी आणखी घाबरले. आणखी आधी ओरडले.

मी गोळी कडकन चावली.

"वहिनी!" नणंदेने डबा उघडला.

"थांब गं जरा. टिटवे, ऊठ. पळ. मी सांभाळ म्हणणार आहे."

"नको ना, आई!"

"म्हणणार आहे, पण उशिरा. मी म्हणेपर्यंत पळत राहायचं. काहीही झालं तरी."

तिने आत्याकडे बघितलं. आत्याने खांदे उडवले. "पळ बाई. तुमचं मायलेकींचं काहीतरी दिसतंय."

ती पळाली. माझी नेहमीची ओरडायची जागा आली, शब्द ओठांवर आला. मी ओठ दाबून धरले. चाक सरळ धावायला लागलं. ते काड्यांसारखे पाय जोरात पडत होते, समोर भिंत दिसत होती, आणि माझ्या आतलं सगळं म्हण, म्हण करत होतं. अजून थोडं. अजून.

"सांऽऽ भाळ!"

ती वर गेली. एक पाय टेकला, दुसरा टेकला. खाली रिकामी पेडलं गरगर फिरत होती आणि वर माझी लेक हात पसरून अगदी गप्प बसली होती. चाकाचा बारीक आवाज माझ्या समोरून गेला, रचलेल्या खुर्च्यांजवळून पुढे गेला.

मग ती सरळ समोरच्या भिंतीशी रचलेल्या गाद्यांत घुसली.

"थांबायचं कसं ते कुणी शिकवलंच नाही मला!" गाद्यांमधून आवाज आला. ती खदाखदा हसत होती.

नणंद धावत आली. ती पोरीकडे जाईल असं मला वाटलं, तर तिने माझाच दंड धरला. "एवढा वेळ धीर कसा धरलास तू?"

"गोळी होती ना," मी म्हणाले.

"ती तर चावलीस!"

टिटवी हेल्मेट सरळ करत, सायकल ओढत आमच्यापर्यंत आली. तिच्या गालावर गादीच्या शिलाईची रेघ उठली होती.

"आई, परत म्हण. पण याहून थोडं उशिरा."

"याहून उशिरा?"

"थोडंच गं."

मी नणंदेपुढे हात केला. तिने त्यावर एक गोळी ठेवली. ती तोंडात धरून मी पुन्हा थप्पीजवळ, माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले.