खंडू खांबावर असताना

मित्रांनो, मी एक जुना नेट मीटर आहे. कारखान्यात घडलो, चाचणीच्या टेबलावर पास झालो आणि सहा वर्षांपूर्वी कुरुळीत जहीरभाईंच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर आलो. साधा मीटर फक्त घरात येणारी वीज मोजतो. मी येणारी मोजतो आणि जाणारीही. दिवसा छतावरच्या सोलरची वीज घराला पुरून उरली की ती माझ्यातून बाहेरच्या तारांवर जाते. संध्याकाळी लागेल तेवढी तिकडून येते. बिल येते ते दोन्हींतल्या फरकाचे.

सुरुवातीला जहीरभाई येईल त्याला माझे आकडे दाखवत. पुढे पेटीत कोळ्यांनी घर केले. त्याचे दुःख नव्हते. मला भीती शिकवली ती गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारने.

लाइनमन खंडू लाइन बंद करून समोरच्या खांबावर चढला होता. वीज नाही म्हणून त्याने हातमोजेही काढले होते. अशा वेळी सोलर आपोआप थांबते, म्हणजे घराची वीज बंद तारेत शिरत नाही. पण त्यामुळे घरात जहीरभाईंच्या आईचे, ताजुन्निसाबींचे, ऑक्सिजनचे यंत्र बंद पडले. खिडकीतून मला त्यांची धाप ऐकू येत होती.

जहीरभाईंनी शेजारच्या आपल्या गॅरेजमधून जनरेटर ओढत आणला, सुरू केला आणि त्याची वायर घराच्या प्लगमध्ये घालायला घेतली. मेन स्विच चालूच होता, म्हणजे घर बाहेरच्या तारांना जोडलेलेच होते. आता वीज उलटी फिरून माझ्यातून बाहेर पडणार, थेट खंडूच्या हातात. माझा पडदा काळा होता. मला ओरडता येत नाही. मोजता तेवढे येते.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी रुक्साना दारात आल्या. त्यांची नजर खांबाकडे गेली आणि त्यांनी नवऱ्याचे मनगट घट्ट धरले.

"थांबा. खंडूभाऊ वर आहेत."

"अम्मीचा श्वास अडकलाय, रुक्साना."

"मशिनची वायर बाहेर आणते. जनरेटरलाच लावा. घराला नको."

यंत्र सुरू झाले. अम्मींची धाप हळूहळू उतरली. जहीरभाई पायरीवर बसले. खंडू खाली आल्यावर त्यांनी काहीही न लपवता सगळे सांगितले. खंडूने आपल्या उघड्या तळहाताकडे बघितले. मग म्हणाला, "भाऊ, माझ्या घरी कळू देऊ नका."

मित्रांनो, वीज गेली की मला अजून धडकी भरते. जनरेटर घराच्या वायरिंगला कधी जोडू नका. तारेवर कोणाचा हात आहे, हे आम्हा मीटरांना सांगता येत नाही.