वळणाअलीकडचा चाळीस

नऊ वर्षं रोज त्याच रस्त्यानं दूधगाडी हाकणाऱ्या माणसाला बोर्ड कुठे आहे ते ठाऊक नसावं? छे! चाळीसच्या वेगमर्यादेचा बोर्ड वळण संपल्यावर, मोरीपाशी. तिथपर्यंत खुशाल साठनं जा. आणि तरी त्याला वळणावरच साठनं जाताना धरलं. आधी दोनदा दुसरीकडे सापडला होता, ही तिसरी खेप. तिसऱ्या खेपेला परवाना वर्षभर जप्त, म्हणजे नोकरी गेली आणि घरी बसून माशा मारायच्या.

तो तडक वाहतूक कचेरीत गेला. साहेबांनी नकाशा उघडला. नकाशात बोर्ड वळणाच्या अलीकडे.

"नकाशा चुकलाय, साहेब. येऊन डोळ्यांनी बघा."

"परवा सकाळी येतो."

मोठा गड जिंकल्यासारखा तो बहिणीकडे गेला. भाऊजी रस्ते खात्यात बोर्ड बसवायचे. त्यांना गंमत वाटेल म्हणून त्यानं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ताई पोट धरून हसली. भाऊजींनी चहा अर्धाच ठेवला.

ठरल्या दिवशी सकाळी बघतो तर काय! बोर्ड वळणाच्या अलीकडे उभा. मोरीपाशी नुसतं गवत. अरे, काल पहाटेच्या फेरीला तर तो तिथेच होता! होता ना? की आपण नऊ वर्षं भलतंच काही बघत आलो? आपल्याला वेड लागलंय की काय, अशी खरीखुरी भीती त्याला वाटली.

खात्याचा माणूस म्हणून भाऊजीच आले होते. ते बुटांकडे बघत उभे.

साहेब जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. "मला तर इथून स्वच्छ दिसतोय. बोला, काय म्हणणं आहे?"

आधाराला त्यानं खांब धरला. खांब हलला. बुडाशी सिमेंट ओलं होतं, आणि गवतात एक बादली पडली होती. निळ्या दोरीच्या कडीची. ती दोरी त्यानंच ताईला बांधून दिली होती.

त्यानं भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या तळहातांना फोड आले होते. ताईची दोन पोरं, भाड्याचं घर, सगळं भाऊजींच्या एका पगारावर.

"माझंच चुकलं, साहेब. लक्ष नव्हतं."

साहेब परवाना घेऊन गेले. गाडी तिथेच ठेवून दोघं पायी निघाले.

"बोर्ड पहिल्यांदा बसवताना इथे खडक लागला," भाऊजी कसेबसे बोलले. "कंटाळा केला रे. पुढे मऊ माती होती, तिथे ठोकला. काल तोच खडक दुपारभर फोडला. नोकरी गेली असती माझी."

त्याला त्यांचा राग आला, कीवही आली. त्यानं बादली त्यांच्या हातात दिली.

"ताईला मात्र तुम्हीच सांगायचं, भाऊजी. ती परवा मी जिंकलो म्हणून हसली होती."