एनिडआजींची तिसरी चादर

मित्रांनो, मी एक जुने कपडे धुण्याचे मशीन आहे. यॉर्कशायरमधल्या एका चढावरच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, गेली सतरा वर्षे उभे आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा दोन वर्षांची हमी मिळाली होती. पुढची पंधरा मी स्वतःच्या हिमतीवर काढली.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. सोमवारी पांढरे, शुक्रवारी रंगीत, मग विश्रांती. एनिडआजी माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवून शेजारणीला सांगायच्या, "आमच्या नॉर्मनपेक्षा हे कमी कुरकुरतं." एवढी स्तुती मला पुरत असे.

तीन वर्षांपूर्वी आजींना पक्षाघात झाला. चादरी रोज भिजू लागल्या आणि मी दिवसातून तीन-तीनदा फिरू लागले. त्यांना उचलायला, न्हाऊ घालायला सकाळ-संध्याकाळ नगरपालिकेची मदतनीस येते. त्याचे शुल्क पडते. आजींचे उत्पन्न पाहायचे, आजारपणापायी होणारा जादा खर्च वजा करायचा आणि उरेल त्यावर शुल्क ठरवायचे, असा नियम. नियम चांगला आहे. फक्त जादा खर्च घरच्यांनी सांगावा लागतो, आणि घरचे म्हणजे आजींचे यजमान, नॉर्मनआजोबा.

शुल्क ठरवायला नगरपालिकेच्या बाई येणार म्हणून आजोबांनी दाराची पितळी कडी चमकवली, ओल्या चादरी माझ्या पोटात कोंबल्या आणि माझ्यावर लेसचा रुमाल घातला.

"धुणं जास्त पडतं का?" बाईंनी विचारले.

"छे! दोन माणसांचं असं कितीसं असणार?"

"हीटर जास्त वेळ लागतो?"

"आम्हाला थंडीची सवय आहे. चहा घेणार ना?"

माझ्या पोटात चार चादरी होत्या. पण तोंड बंद होते.

महिन्याभरात पत्र आले: आठवड्याला चौसष्ट पौंड. आजोबांनी ते बिस्किटांच्या डब्यामागे खोचले. "संध्याकाळच्या मदतनीस बाईंना नको म्हणू या," ते म्हणाले. "मी उचलीन की तुला."

"तू?" आजी आता सावकाश बोलतात, पण नेमके. "मुरंब्याचं झाकण उघडत नाही तुला."

रविवारी पुतणी गिलियन बिस्किटे शोधायला गेली आणि पत्र सापडले. "काका, धुणं शून्य, हीटर शून्य! हा कुणाच्या घराचा हिशेब आहे?"

"परक्या बाईपुढं अंथरुणाचं कसं बोलायचं गं?"

"मग काकूला एकट्यानं उचलताना दोघंही पडा, आणि डॉक्टरपुढं बोला."

तिने फेरतपासणीचा अर्ज केला. बाई पुन्हा आल्या. आजोबांनी पुन्हा कडी चमकवली आणि पुन्हा म्हणाले, "आमचं अगदी उत्तम चाललंय."

मी तेव्हा पिळण्याच्या भरात होते. या वयात पिळताना मी जागेवरून वीतभर पुढे येते. रुमाल घसरून बाईंच्या पायाशी पडला. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "नॉर्मन, ती आजची तिसरी चादर. तू सांगतोस की मी सांगू?"

आजोबा खुर्चीवर बसले. कान लाल झाले. मग हळूहळू सगळे बाहेर आले: चादरी, साबण, दिवसभराचा हीटर. बाई लिहीत होत्या. "मशीन किती जुनं?" त्यांनी विचारले, आणि माझी झीजही कागदावर उतरवली. सरकारदरबारी माझी दखल घेतली गेली ती तेवढीच.

नवे पत्र आले. शुल्क सव्वीस पौंडांवर आले. संध्याकाळची मदतनीस राहिली. आणि ओघानेच, नवे मशीन घ्यायचे ठरले. मित्रांनो, खऱ्या साक्षीचे असे असते.

आज गुरुवार. मला न्यायला दोन माणसे आली आहेत. ती यायच्या आधी आजोबांनी मला ओल्या फडक्याने लख्ख पुसले. सवय ती सवय.

"आजोबा, हे तर नव्यासारखं दिसतंय की! खरंच न्यायचं?" त्यातल्या एकाने विचारले.

आजोबांनी माझ्यावर हात ठेवला. "दिसतं हो छान," ते म्हणाले. "पण थकलंय ते."

यावेळी पलीकडच्या खोलीतून कुणाला ओरडावे लागले नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी "मला काय धाड भरलीय?" म्हणत असेल, तर एकदा रुमाल उचलून पाहा.