एका टाकीतला हिवाळा

अर्डिस माझी नणंद. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि ते मोठेपण तिने गेल्या सेहेचाळीस वर्षांत एक दिवस खाली ठेवलेलं नाही. मी लग्न करून पेल्टो रोडवर आले त्या आठवड्यात तिने माझ्या हातच्या वेलदोड्याच्या पावाचा तुकडा मोडून नाकाशी धरला आणि वेलदोडा कमी पडलाय असं चार माणसांत सांगितलं. तेव्हापासून मी तिच्याकडे जेवायला जात होते, कॉफीला जात होते, शनिवारी तिच्या सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीला, जात होते. राहायला मात्र कधी गेले नाही. पाऊण मैलावर स्वतःचं घर असताना जायचं कशाला?

मागच्या ऑक्टोबरात गॅस कंपनीचं नव्या भावाचं पत्र आलं. गॅलनला तीन डॉलरच्या वर. आमच्याकडे पाइपातून येणारा गॅस शहराच्या हद्दीतच संपतो. त्यापुढे ज्याच्या-त्याच्या अंगणात एक लांबोडकी पांढरी टाकी, आणि त्या टाकीला इकडे सगळेजण डुक्कर म्हणतात. खायला घालावं तेवढं थोडंच. माझा नवरा रेइनो होता तोवर लाकडं फोडून शेगडी पेटवायचा, त्यामुळे घर तापवणारी तळघरातली गॅसची भट्टी निम्मीच चालायची. तो गेल्यावर मी कुऱ्हाड शेजारच्या वेनला देऊन टाकली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी काही मेपलचे ओंडके फोडणार नव्हते.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरातच राहिले. बाकीच्या खोल्यांच्या दारांना घोंगड्या लावल्या, रेइनोचा शिकारीचा कोट अंगात घालून जेवले, आणि रोज सकाळी बर्फ तुडवत जाऊन टाकीचा काटा बघितला. काटा बघितल्याने गॅस वाढत नाही हे मला कळतं. तरी जायचे. जानेवारीत शून्याखाली वीस झालं की तो काटा डोळ्यांदेखत उतरतो, आणि आपण आणखी एक स्वेटर चढवतो, एवढाच काय तो आपला हिवाळा. मला कंटाळा आला होता. थंडीचा नाही, सतत त्या थंडीचा हिशेब डोक्यात ठेवण्याचा.

चर्चनंतर कॉफी घेताना अर्डिस म्हणाली, "लेम्पी, तुझं घर म्हणजे नुसती चाळणी. गॅस जाळून तू अख्खं मिशिगन तापवतेस."

"मग काय करू? गोठू का?"

"माझ्याकडे ये. नोव्हेंबर ते एप्रिल. टाकी एकच भरायची, निम्मे-निम्मे. आणि तुझा तो पाव मी खाईन, तक्रार न करता."

शेवटचं वाक्य तिने थट्टेत म्हटलं होतं, आणि पुढे ते पाळलंही नाही.

मला उत्तर द्यायला दोन आठवडे लागले. भीती अर्डिसची नव्हती. आमच्या भागात भट्टी बंद ठेवायची म्हणजे घर रिकामं करावं लागतं. नळातलं, पाइपांतलं, बॉयलरमधलं सगळं पाणी काढून टाकायचं, नाहीतर गोठून पाइप फुटतात. आणि पाणी काढलेली घरं मी पाहिली आहेत. आमच्याच रस्त्यावर तीन आहेत. तिन्ही मालकांनी 'हिवाळ्यापुरतं' म्हणून बंद केली होती. एकाचं छप्पर बर्फाच्या वजनाने बसलं, दुसऱ्यात आता रॅकूनसारखी रानजनावरं राहतात, तिसऱ्याच्या दारावर चार वर्षं 'विकणे आहे' लटकतंय. म्हणून मी सगळ्यांना बजावून सांगितलं. अर्डिसला, वेनला, ग्रीन बे शहरात असलेल्या माझ्या मुलाला, डेलला. एप्रिलमध्ये मी परत येणार. डेल म्हणाला, बरं आई. तो ज्या सुरात बरं म्हणाला तो मला आवडला नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी वेन कॉम्प्रेसर घेऊन आला. त्याने सगळे नळ उघडले, पाइपांतून हवा मारली, संडासात ते न गोठणारं गुलाबी औषध ओतलं. मी जिन्यावर बसून ऐकत होते. पाणी गेलं, मग थोडा वेळ नुसती गुरगुर, मग काहीच नाही. मला रडू आलं आणि मी वेनला सांगितलं की धुळीने डोळे चुरचुरतायत. तो बिचारा हो म्हणाला.

जाताना मी अर्डिसला विचारलं होतं, कंपनीला काही कळवायला हवं का. टाकीत थोडा गॅस शिल्लक होता, त्याचा व्हॉल्व्ह मी बंद केला होता. अर्डिस म्हणाली, "कशाला? गॅस मागवायचा नसेल तर फोन करायचा नाही. एवढं सोपं आहे." ठामपणे बोलण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. आता, अर्डिसची टाकी तिच्या मालकीची आहे. तिच्या नवऱ्याने नव्वद साली रोख पैसे देऊन विकत घेतली होती. माझी टाकी कंपनीची, भाड्याची, माझ्या अंगणात ठेवलेली. या दोन गोष्टींत काय फरक असतो हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मी कधी विचारात घेतलं नव्हतं.

हिवाळा निघाला. सोपा होता असं म्हणणार नाही. अर्डिस पहाटे पाचला उठून रेडिओ लावते. कॉफी इतकी पातळ करते की कपाचा तळ दिसावा. मी कपाट जोरात लावते असं तिचं म्हणणं. पण ऊब होती, आणि मुख्य म्हणजे काटा बघायला दोघींपैकी कोणीतरी एकच जायचं. जेवताना आम्ही कोटाशिवाय बसायचो. रेइनोबद्दल बोलायचो, तो तिचा भाऊही होता हे मी मधल्या काळात विसरलेच होते.

माझ्या घराच्या पेटीतलं टपाल वेन आठवड्यातून दोनदा आणून द्यायचा. घराकडे जाणारा रस्ताही तोच साफ ठेवायचा, मी त्याला तसे पैसे देत होते. अर्डिस म्हणाली ही उधळपट्टी आहे. पण रस्त्यावर बर्फ साचू दिलं की लोक समजतात, गेली ही. मला तसं कोणी समजायला नको होतं.

त्या टपालात गॅस कंपनीची पाकिटं असायची. निळ्या ज्वाळेचं चित्र छापलेली, जाडजूड. तीस वर्षं ती पाकिटं हातात आली की मी आधी खुर्ची ओढून बसायचे. या हिवाळ्यात मी ठरवलं, त्यांचं एकही पाकीट उघडायचं नाही. शनिवारी सौनाची शेगडी पेटवायची असली की मी ती पाकिटं तशीच बर्चच्या झाडाच्या सालीखाली सारायचे आणि काडी ओढायचे. मेणकट कागद, छान पेटायचा. अर्डिस हसायची, म्हणायची यंदा कंपनी पहिल्यांदाच आपल्याला फुकट तापवतेय. जानेवारीत दोन जळली, फेब्रुवारीत एक. इतका साधा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, आम्ही मटारचं सूप घेत होतो. खिडकीसमोरून एक सपाट पाठीचा ट्रक गेला, त्यावर साखळ्यांनी बांधलेली पांढरी टाकी.

अर्डिस म्हणाली, "कुणाचं तरी डुक्कर चाललं."

मीही बघितलं. टाकीच्या खालच्या बाजूला एक खोलगट पोचा होता. रेइनोने ट्रॅक्टर मागे घेताना पाडलेला. त्या पोच्यावरून आम्ही दोन दिवस भांडलो होतो. चमचा माझ्या हातातच राहिला. अर्डिसने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि गाडीची किल्ली काढली.

ट्रक गाठायचा प्रयत्न आम्ही केला नाही. दोन म्हाताऱ्या ट्रकवाल्याला अडवून काय सांगणार होत्या? आम्ही घरी गेलो. माझ्या घरी. वेनने इतका स्वच्छ ठेवलेला रस्ता, त्यावर ट्रकच्या चाकांचे रुंद ठसे. मीच पैसे देऊन त्यांना वाट करून दिली होती. टाकीच्या जागी चार सिमेंटचे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये पिवळं, दबलेलं, मेलेलं गवत. आजूबाजूला कमरेएवढं बर्फ. भिंतीतून बाहेर आलेल्या तांब्याच्या नळीला त्यांनी लाल टोपण बसवलं होतं, नीट घट्ट.

आत गेलो. बाहेरपेक्षा आत जास्त गार होतं. मी स्वयंपाकघरातल्या माझ्या खुर्चीवर बसले. अर्डिस उभीच राहिली, हातमोजे न काढता.

"मी म्हणाले होते कळवायची गरज नाही," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

सेहेचाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, पत्र आलं असणार. मीच जाळलं. आपण दोघी त्याच्या शेकाला बसलो होतो.

ती हसली नाही. मीही नाही.

तिथूनच मी कंपनीला फोन केला. केल्सी नावाच्या मुलीने उचलला. गोड बोलत होती, मला तिच्यावर रागावायचं होतं पण जमलं नाही. ती म्हणाली, भाड्याच्या टाकीतून वर्षाला ठरावीक गॅलन जळलेच पाहिजेत, करारातच आहे. जानेवारीत पत्र पाठवलं, फेब्रुवारीत पुन्हा पाठवलं. वसंतात बर्फ वितळून रस्ते मऊ झाले की जड ट्रकना बंदी असते, म्हणून त्याआधी टाक्या उचलतात. परत बसवून हवी असेल तर बसवण्याचे पैसे, गळतीच्या तपासणीचे पैसे, आणि पहिली भरणी आगाऊ. तेही मे महिन्यात, बंदी उठल्यावर. आकडा ऐकून मी अर्डिसकडे पाहिलं. तिला फोनमधलं ऐकू आलं होतं.

ती म्हणाली, "बसवण्याचे निम्मे मी देते."

ती देईल हे मला माहीत होतं. तिच्याकडे किती आहेत तेही माहीत होतं, चार महिने एका टेबलावर बसून बिलं भरली होती. मी केल्सीला विचारलं, समजा टाकी बसवली, आणि पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा नणंदेकडे राहिले तर?

"मग पुन्हा हेच होईल, मिसेस रुओना," ती म्हणाली. "गॅस जाळावा लागेल. तुम्ही तिथे राहायला हवं."

म्हणजे घर माझं राहायचं असेल तर पूर्ण हिवाळा एकटीने, घोंगड्या लावून, कोट घालून, काटा बघत काढायचा. आणि दर वर्षी. मी आजूबाजूला पाहिलं. रेइनोने बनवलेली कपाटं, जिथे डेलची उंची लिहून ठेवलीय तो दाराचा खांब, नळाखालचं कोरडं बेसिन. मला वाटलं होतं मी भांडेन. ऑक्टोबरपासून मनात वाक्यं तयार होती, डेलसाठी, अर्डिससाठी, सगळ्यांसाठी. पण ती म्हणायला जी ताकद लागते ती मी या घरात मागचा हिवाळा काढतानाच खर्चून बसले होते. मला फार वाईट वाटलं. इतकं की दुखतंय कुठे तेच कळेना.

केल्सी थांबली होती. मग तिने सांगितलं, टाकी उचलण्याआधी आतला गॅस उपसून मोजला आहे. खातं बंद केलं तर त्याचे पैसे परत मिळतील. खातं चालू ठेवलं तर मिळणार नाहीत, ते गॅस कमी जाळल्याच्या दंडात वळते होतील.

"मग," ती म्हणाली, "खातं बंद करू का?"

मी म्हटलं, कर.

ती टाइप करू लागली. अर्डिस खिडकीशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. तिचे खांदे हलत होते, आणि ते थंडीने आहे असं समजायचं मी ठरवलं.

"चेक कुठे पाठवू? हाच पत्ता, की राहता पत्ता वेगळा आहे?"

सेहेचाळीस वर्षं मी त्या घरी जात होते, अख्खा हिवाळा तिथे झोपले होते, पण तिथला घर क्रमांक मला माहीत नव्हता. कधी लागलाच नव्हता. 'अर्डिसकडे' म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

मी फोनवर हात ठेवला. "अर्डिस, तुझ्या घराचा नंबर काय गं?"

ती वळली नाही. नाक ओढून म्हणाली, "अठ्ठावीसशे एकवीस. आणि दोनदा सांग तिला. या मुली नीट लिहीत नाहीत."

मी दोनदा सांगितला.